अण्णांची रांग

ऑफिसातली संगणकावरची निरोपांची यंत्रणा अण्णांनीच उभारली होती. प्रत्येकाच्या नावाची एक रांग, त्याचे निरोप तिथे जमा होत. निरोप पाठवायचा तो त्या नावावर. कामाचं बोलणं फोनवर होई, पण दुपारच्या जेवणाची हाक निरोपातूनच जाई. अण्णांना ती कधी आलीच नाही. "आपण कुणाच्या खिजगणतीतही नाही," म्हणत अकरा वर्षं ते खिडकीशी एकटेच जेवले.

निवृत्तीच्या दिवशी काम सोपवताना त्यांनी कुणाच्याच नावाशी न जुळलेल्या निरोपांची रांग पहिल्यांदाच उघडली. स्वतःचं नाव नोंदवताना त्यांच्याच हातून एक 'ण' सुटला होता. आत शेकडो निरोप पडून होते: "अण्णा, चला जेवायला!"

 

शेवटचा आठ वर्षांपूर्वीचा होता: "अण्णा, आमच्यात बसायला आवडत नाही का तुम्हाला? बरं, आता नाही विचारणार."