गुलाबी चकती

गजराबाईंनी माझ्या टेबलावर साबणाची वडी ठेवली आणि पदर सारून मान दाखवली. नायटा जवळजवळ गेला होता. कडुनिंब-करंजाचा माझा साबण महिनाभर वापरणाऱ्या वीस बायकांत हा सगळ्यात चांगला निकाल. उरलेल्या वडीचं वजन करायला मी ती उलटी केली, तर हिरव्या वडीच्या पाठीला दुकानातल्या साबणाची गुलाबी चकती घट्ट चिकटलेली.

“मावशी, हे काय?”

“जुन्या साबणाचा उरलेला तुकडा. नवी वडी आली की चिकटवतोच की. टाकून कसा द्यायचा?”

सकाळपासून जमा झालेल्या सगळ्या वड्या मी उलटून पाहिल्या. चौदा वड्यांवर चकत्या होत्या. आता नायटा कुठल्या साबणाने गेला, ते कोण सांगणार?

“खरवडून टाक,” माझे मार्गदर्शक सर म्हणाले. “प्रबंधाची तारीख तोंडावर आलीये. चकत्या कुणाला दिसणार आहेत?”

“मला दिसल्यात ना, सर.” मी वहीतल्या महिनाभराच्या नोंदींवर काट मारली.

गजराबाईंचा चेहरा उतरला. “माझंच चुकलं का गं?”

“नाही, मावशी. मीच आधी सांगायला हवं होतं. आता नायटा असलेल्या नव्या बायका शोधायच्या आणि पहिल्यापासून सुरू करायचं.”

त्या पदर सावरून निघून गेल्या. सोमवारी मात्र कॉलेजच्या दारात नायटा असलेल्या अकरा नव्या बायका घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पत्र्याचा डबा माझ्यापुढे उघडला. आत गुलाबी, पांढऱ्या, पिवळ्या चकत्या गच्च भरलेल्या.

“ह्यांच्या घरोघरच्या न्हाणीतून गोळा केल्यात,” त्या म्हणाल्या. “आता दे तुझा साबण.”