भोंग्याचा टर्बो

या, असे जवळ सरका. एका बाईच्या रागाची गोष्ट सांगायची आहे. नाकाच्या शेंड्यावरचा राग नव्हे हो, पोटातून उठलेला.

पिकअप पाचव्यांदा परत आली, तेव्हा मिस्त्रीणबाई सुट्या भागांच्या फळीवरची धूळ पुसत होती. आवाजावरूनच तिने ओळखलं. गॅरेजसमोरचा चढ चढताना इंजिनाला धाप लागली होती आणि मागे काळ्या धुराचं शेपूट.

"आला मेला," ती म्हणाली आणि फडकं आपटलं.

गाडी वीस वर्षांची, डिझेलची. मालकाला सगळे भोंगा म्हणत, कारण तो कानात बोलायला गेला तरी शेजाऱ्यांना ऐकू जाई. विटा, फरशा, सिमेंट, मिळेल ते वाहायचा. इंजिनात जोराने हवा कोंबणारा मूळचा टर्बो दमला होता, म्हणून त्याच्या जागी मोठा बसवून घ्यायला तो मिस्त्रीकडे आला. हमरस्त्यावर तीन नवी गॅरेजं असताना मिस्त्रीकडे!

आठ महिन्यांपूर्वी मिस्त्रीच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात लुळा पडला. हातात जीव हळूहळू परतला, गिऱ्हाईक मात्र परतलं नाही. दिवसभर तो भिंतीला टेकून बसे. जेवायला हाक मारली तरी नुसती मान हलवी. टर्बोचं काम आलं आणि माणूस उठला. चार दिवस खपून त्याने तो बसवला. हे काम टिकलं तर लोक परत येतील, नाहीतर 'मिस्त्री संपला' म्हणून मोकळे होतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि हा भोंगा दर दोन दिवसांनी गाडी भर रस्त्यातून धूर ओकत परत आणत होता!

"आता काय झालं?" तिने विचारलं.

"तेच, वहिनी. शिट्टी मारते आणि चढाला बसकण मारते."

"मालकावर गेलीय. आवाज मोठा, जोर नाही."

भोंगा हसला. ती हसली नाही.

मिस्त्री मात्र चिडला नाही. तो कधीच चिडत नव्हता, हेच तिला जास्त झोंबे. "बघू, बघू," म्हणत त्याने बाह्या सारल्या आणि बॉनेट उघडलं. आज दाढीसुद्धा केली होती. ओशाळला की माणूस किती मऊ होतो, तिला वाटलं.

टर्बोतली हवा इंजिनात नेणारी एक जाड नळी असते आणि ती आवळून धरणारा क्लॅम्प. तो सैल झाला की हवा निसटते आणि गाडीतला जोर जातो. दर वेळी तोच क्लॅम्प सैल. म्हणून गेल्या खेपेला मिस्त्रीने नट आवळला आणि तो चहा प्यायला बसला, तेवढ्यात तिने नटाच्या खालच्या बाजूने नखांना लावायच्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली होती. नट हलला, की रेघ तुटणार.

आज वाकून पाहिलं. रेघ तुटली होती. वर पान्याचा ताजा ओरखडा.

मिस्त्री नवा क्लॅम्प शोधायला आत गेला, तशी तिने भोंग्याला जुन्या टायरांच्या ढिगामागे गाठलं.

"नट आपणहून मागे फिरतो का हो?"

"थरथरीने फिरतो कधीकधी..."

"आणि पान्याचा ओरखडाही थरथरीनेच उठतो? मी खूण केली होती. गाडी तुमच्याकडे, किल्ली तुमच्याकडे. बोला आता!"

भोंग्याने आत पाहिलं. मिस्त्री डबे उलथेपालथे करत शीळ घालत होता.

"मीच फिरवला," भोंगा म्हणाला. त्याचं बोलणं ऐकायला तिला आज पहिल्यांदाच पुढे वाकावं लागलं.

"का?"

"खोड आहे, वहिनी. वाईट खोड."

"खोड?" तिचा बांध फुटला. "बुडत्याच्या डोक्यावर पाय द्यायचा आणि खोड म्हणायचं? आठ महिने तो माणूस भिंतीशी बोलत होता. आत्ता कुठे हातात पाना धरला, तर तुम्ही त्याची अब्रू रस्त्यावर टांगताय! जिभेला हाड नाही हे ठाऊक होतं, पण काळीजही नाही? देव बघतोय हो वरून!"



"बरोबर आहे तुमचं. फक्त मिस्त्रीला सांगू नका."

"भ्यालात ना?"

"भ्यालो."

"मग आज गाडी न्या आणि पुन्हा तोंड दाखवू नका."

घरात जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं. राग उतरेना. बाहेर इंजिन सुरू झालं. धाप नाही, शिट्टी नाही. कसा घोटून काढल्यासारखा आवाज! असं चोख काम करणाऱ्याने या लबाडापायी स्वतःला दोष देत बसायचं? छे. सांगायचंच. आत्ता, भोंग्याच्या तोंडावर.

ती गॅरेजच्या मागच्या दाराआड आली तेव्हा इंजिन बंद झालं होतं. भोंगा गाडीत बसला होता, मान पलीकडे वळवून, रस्त्यावर काही नसताना रस्ता बघत.

मिस्त्रीने एकवार इकडेतिकडे पाहिलं, बॉनेटखाली वाकला, उजव्या हाताने पाना लावला आणि आवळलेला नट दोन आटे मागे फिरवला.

"परवा आण रे दाखवायला," बॉनेट पाडत तो म्हणाला.

"आणतो की," भोंगा म्हणाला.

मायबापहो, हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांबरोबर त्या भोंग्याचीही आठवण असू द्या.