खदिजाची तपासणी

"दाब," गाडीखालून जैनुद्दीनचा आवाज आला.

खदिजानं ब्रेक दाबला आणि तसाच धरून ठेवला. मागच्या चाकापाशी लावलेल्या नळीतून तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडले. त्यानं पाना आवळला.

"सोड."

त्या शुक्रवारी सकाळपासून नवराबायकोत एवढेच दोन शब्द चालले होते. बहरैनमधल्या अस्कर गावात, भाड्याच्या घरामागं पत्र्याची शेड तापली होती. उजवं कोपर दारावर टेकवून, ओढणीनं मान पुसत खदिजा त्याच्या हुकमासरशी पाय दाबत होती, सोडत होती. राखेखालच्या निखाऱ्यासारखा तिचा राग आतल्या आत फुलत होता. उद्या गाडीची तपासणी होती.

गाडी म्हणजे आधी नुसती खोकी होती. कारखान्यातला एक गोरा साहेब मायदेशी जाताना अर्धवट जोडलेला सांगाडा आणि सुटे भाग जैनुद्दीनच्या गळ्यात घालून गेला. विलायतेत हौशी लोक अशा गाड्या घरीच जोडतात म्हणे. जैनुद्दीन कारखान्यात वेल्डर. साहेबानं पुढच्या पत्र्यात पाडलेली भोकं त्यानं बुजवली, आपल्या मनाजोगती नवी पाडली. बुजवलेल्या जागेवरून खदिजानं बोट फिरवून पाहिलं होतं. सांधा कुठं आहे ते बोटाला कळलं नाही. नवऱ्याच्या हाताचा तेव्हा तिला अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला म्हणून स्वतःचाच राग आला.

कारण पैज त्या हातावरच लागली होती.

जैनुद्दीनला गावी परतायचं होतं. थोरल्या भावानं रत्नागिरीत गॅरेजसाठी जागा धरून ठेवली होती. खदिजाला परतायचं नव्हतं. मनामाच्या इस्पितळात ती काउंटरवर बसे; आजारी माणसं, त्यांची माणसं, सगळी तिला विचारून पुढं जात. गावी सासूच्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी हलवायचीसुद्धा तिला मुभा नव्हती. आणि लेक जिकरा? मराठीत हाक मारली तर ती पोरगी इंग्रजीत ओ देई. तिला तिथं कुठल्या शाळेत घालायचं? पण घरच्यांचा व्हिसा जैनुद्दीनच्या नोकरीवर. तो गेला की सगळ्यांचंच खलास.

भांडणं इतकी पेटली की खदिजाचा भाऊ फारुख सूक बाजारातलं दुकान बंद करून समजूत घालायला आला. त्याच्यासमोर जैनुद्दीननं शब्द टाकला.

"ही गाडी पास झाली तर मरेपर्यंत हितंच राहीन. नापास झाली तर सामान बांधायचं. मग हिनं तोंड उघडायचं नाय."

"कबूल," खदिजा म्हणाली.

दारापर्यंत पोचवायला गेली तेव्हा फारुखनं तिला वेड्यात काढलं. ज्याला नापास व्हायचंय तोच गाडी बांधतोय, एवढंही तुला दिसत नाही का, म्हणाला.

"त्यांची जीभ खोटं बोलेल, भाई," ती म्हणाली. "हात नाय बोलायचे."

तरीही तिनं पहारा ठेवला. इस्पितळात येणाऱ्या ड्रायव्हरांना ती विचारून घेई, तपासणीत काय काय बघतात. ब्रेक, दिवे, टायर, सीटचे पट्टे, काचा, धूर. तिला सगळं ओवीसारखं पाठ झालं. तो शिफ्टला गेला की ती शेडमध्ये शिरे. पट्टे हिसके देऊन बघे, दिवे लावून बघे, नटांना पाना लावून बघे. एकदा त्यानं तिला चाकाशी उकिडवं बसलेली पकडलं.

"काय गो, तपासणी आजच लागली?"

"घरचा माल घरीच बघून घेतलेला बरा."

"बघ की. माझ्या कामात खोट सापडली तर मिशी उतरवतो."

खोट सापडली नाही. एक नट ढिला नव्हता, एक तार उघडी नव्हती. त्या दिवसापासून तिला झोप लागू लागली. माणूस कडू असेल, पण त्याच्याच्यानं वाकडं काम होणार नाही, हे तिनं बरोबर ताडलं होतं. सीटची कव्हरं मग तिनं स्वतः शिवली. दोघं जेवताना बोलत नसत. गाडी मात्र दोघांच्या मध्ये वयात आलेल्या लेकीसारखी उजळत गेली.

शनिवारी ताडपत्रीखाली झाकून, पिकअपला बांधून गाडी तपासणीला नेली. खदिजानं रजा घेतली होती. जैनुद्दीन नको म्हणाला नाही.

ताडपत्री निघाली तसा तपासणीचा अधिकारी, चाळिशीतला बहरैनी, क्षणभर बघतच राहिला. त्यानं सांध्यांवरून बोटं फिरवली, वाकून खाली पाहिलं, पट्टे ओढले, दिवे लावायला लावले. मग शेजारच्या अधिकाऱ्याला हाक मारून काम दाखवलं. मुमताज, एकदम उत्तम, दोघंही म्हणाले. खदिजानं ओढणी सारखी केली. तिला इस्पितळाचा काउंटर दिसत होता, जिकराचा गणवेश दिसत होता.

अधिकारी जैनुद्दीनकडं वळला. सूकमधल्या हिंदीत, जरा वाईट वाटून म्हणाला, "इतना अच्छा काम किया, रफीक. स्टीयरिंग राइट में क्यों लगाया? इधर राइट वाला गाडी मफी, चलता नहीं. नंबर कभी नहीं मिलेगा."

खदिजानं मागं पाहिलं. रांगेत गाड्या उभ्या होत्या. एकूण एक ड्रायव्हर डाव्या बाजूला बसला होता. ड्रायव्हरांनी तिला सगळं सांगितलं होतं. हे तेवढं सांगावं असं या देशात कोणालाच वाटलं नव्हतं.

आता हा हुज्जत घालेल, विनवील, निदान कपाळावर हात मारील, म्हणून तिनं नवऱ्याकडं पाहिलं. जैनुद्दीन ताडपत्री पुन्हा गाडीवर ओढत होता, एकेक कोपरा नीट जुळवत. बोलला तो अधिकाऱ्याकडं बघून, पण मराठीत.

"आमच्या रत्नागिरीत ह्याच बाजूला लागतं, साहेब."