रवळनाथापुढचं गाऱ्हाणं

मैथिलीला मार्क बेताचेच. पण तिच्या आईने, हेमलतावहिनींनी, घाटावरचं एक फार्मसी कॉलेज हुडकून काढलं होतं. शिकवणं उत्तम, नाव मात्र कुणाला ठाऊक नाही, म्हणून प्रवेश सोपा. सख्ख्या जावेलाही त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

देवापासून काय लपवायचं? उपास धरून त्या रवळनाथाच्या देवळात गेल्या आणि गुरवाच्या कानात सगळं सांगितलं. सभामंडपात गावकीची बैठक बसली होती. गुरवाने देवापुढे उभं राहून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. कॉलेजचं नाव, गाव, सोपा प्रवेश, काही म्हणता काही सोडलं नाही. बैठक एका सुरात म्हणाली, "व्हय महाराजा." वहिनी सुखावल्या. इतक्या तोंडांनी मागितलेलं देव नाकारेल कसा?

प्रवेशाच्या दिवशी, चतुर्थीचा उपास धरून, त्या मैथिलीसह कॉलेजच्या दारात पोचल्या. व्हरांड्यात अर्धं गाव उभं होतं, तेही मैथिलीपेक्षा हुशार पोरं घेऊन. जाऊबाई हसून म्हणाल्या, "देवापुढे नाव निघाला, म्हटलं कॉलेज बराच असतला."

एवढ्यात खुद्द गुरव नातीचा प्रवेश उरकून बाहेर आला. "वहिनी, जागा भरल्यो. दुसऱ्या कॉलेजाचा काय बघलात तर सांगा, गाऱ्हाणा घालूया."

"आई, ते कोल्हापूरकडचं दुसरं कॉलेज..." मैथिली बोलू लागली. वहिनींनी तिचा हात करकचून दाबला आणि चतुर्थीच्या भर उपासात, आयुष्यात पहिल्यांदाच, त्या खोटं बोलल्या, "छे हो, आमचं कुठं काही ठरलंय."