जोत्याचा दगड

मैलापूरच्या त्या जुन्या घरात हॉलची लाकडी जमीन डुगडुगायला लागली, तेव्हा खाली शिरून तुळया बघणं भागच होतं. मेस्त्री जोत्याचा एक दगड काढायला बसला, तसा प्राणेश घाईने पुढे झाला. आठवीत गणितात सतरा मार्क मिळाले, तेव्हा त्याने रँक कार्ड, म्हणजे प्रगतिपुस्तक, याच फळ्यांच्या फटीतून खाली सरकवलं होतं आणि वडिलांना, अप्पांना, सांगितलं होतं, "शाळेने दिलंच नाही." आणि आज सकाळीच लेकीला ऐकवलं होतं, "सहाना, या घरात गणितात कोणी नापास झालेलं नाही!"

"दगड राहू दे अप्पा, घर खचेल," तो म्हणाला.

"मी तरी केव्हाचं काय सांगतोय?" अप्पाही कुरकुरले.

पण तोवर दगड निघाला होता. मेस्त्री सरपटत आत गेला आणि एक पिवळं पडलेलं रँक कार्ड घेऊन आला. सहानाने ते झडपलंच. "गणित, अकरा!"

अकरा? प्राणेश चक्रावला.

अप्पांनी शांतपणे नातीपुढे हात केला. "आण इकडे, ते माझं आहे. शाळेने तुझ्या बापाला न दिलेलं अजून आतच असेल."