उत्तरेची सोंड

"गुरुजी, उत्तरेची सोंड तेवढी कोरी राहिली," नुमाजिरीबाई नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या.

"राहू दे," तोकुजीकाका म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

वर्गात खसखस पिकली. मुलांवाचून गावची शाळा बंद पडली, तेव्हापासून गावकऱ्यांनीच तिथे दर शनिवारी रानाचा वर्ग चालवला होता. शहरातली माणसं यायची. कुठला पाला खायचा, सोयाबीनचं मिसो कसं मुरवायचं, हे गावातली म्हातारी मंडळी शिकवायची. मात्सुताके अळंबीचा धडा तोकुजीकाकांकडे. शेवटी सगळ्यांनी मिळून गावच्या डोंगराचा नकाशा रंगवायचा.

"तिथं त्यांचं सोनं आहे हो," मागून कोणी तरी म्हणालं. "काकूंनासुद्धा शेवटपर्यंत दाखवलं नाही."

गावाला यात नवल नव्हतं. मात्सुताकेची जागा इथे कोणी कोणाला सांगत नाही. सांगितलीच तर मरणाच्या दारात, आणि तीही रक्ताच्या माणसाला. काका दर शरदात सोंडेवर एकटेच जायचे. उतरताना टोपलीवर नेच्याची पानं पसरलेली असायची. ती उचलून बघणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. सव्वीस वर्षांत कोणी घातला नाही.

चिझुरू शेवटच्या बाकावर बसून ऐकत होती. काकांना यंदाचा बर्फ दिसायचा नाही, असं डॉक्टरांनी तिलाच बाजूला घेऊन सांगितलं होतं. रक्ताचं म्हणावं असं त्यांना या पुतणीशिवाय कोणी उरलं नव्हतं, तरी ते तोंड उघडत नव्हते. अळंब्यांची तिला हाव नव्हती. काका आपल्याला त्या लायकीची मानतात की नाही, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. आणि त्यांचं न सांगणं तिला फार लागलं होतं.

तिला वाढवलं काकांनीच. बाबा, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, सव्वीस वर्षांपूर्वी, ती सात वर्षांची असताना, ओसाकाला कामाला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. पहाटे बसथांब्यावर त्यांना सोडायला काकाच गेले होते. आई वाट बघून बघून गेली. चिझुरूचं शिक्षण, लग्नाचा किमोनो, लग्न मोडल्यावर परत यायला घर, सगळं काकांनी दिलं. उपकाराची भाषा मात्र कधी केली नाही.

वर्ग सुटल्यावर तिने विचारलंच. "काका, मी परकी आहे का?"

काका बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले.

"उद्या सकाळी चल," ते म्हणाले.

"टोपली घेऊ?"

"घे हवी तर."

दुसऱ्या दिवशी ते दर वीस पावलांवर धापा टाकत थांबत होते. खांद्यावरच्या पिशवीत साकेची, तांदळाच्या दारूची, छोटी बाटली होती.

"रानदेवाला का?" चिझुरूने विचारलं.

"चढ गुपचूप. माझा दम जातोय, तुझी बडबड संपत नाहीये."

ती हसली. कित्येक वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

सोंडेच्या पलीकडे थोडं उतरल्यावर काका थांबले. "हीच."

चिझुरूने वाकून पाहिलं. वर्गात काकांनीच सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं: मात्सुताकेला चिडाच्या झाडाची मुळं लागतात, कोरडी, भुकेली माती लागते, पाला साचला की ती मरते. इथे गुडघाभर पाला होता. खालची माती काळी आणि ओली होती. चारी बाजूंना नुसते ओक.

"काका, इथे एकही चीड नाही," ती म्हणाली. "इथे कधी उगवलीच नसणार."

"नीट शिकलीस," काका म्हणाले. त्यांनी टोपी काढली, कसेबसे गुडघे टेकले आणि बाटलीतली साके पाल्यावर ओतली.

"दादा," ते मातीला म्हणाले, "तुझ्या पोरीला आणलंय."