स्वप्नाचा निवाडा

सखुबाईने स्वप्न पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.

"हीर कोरडी ठाक, गुरुजी. अन् आमची लेक कोमल हळदीच्या अंगानं तळाशी बसून रडून राहिली. पहाटंचं सपान हाय, बराबर पहाटंचं."

अनिरुद्धने नुसती मान हलवली. त्याचे वडील असते तर पंचांग मिटून एका शब्दात मोकळे झाले असते. त्यांनी नको म्हटलं की जवळा बाजार गावात सोयरिकी मोडायच्या, आणि सखुबाईचे यजमान माणिकराव तर या घरचा शब्द देवाचा कौल मानायचे. वडील गेले. गादी लेकाला मिळाली. छाती मिळाली नाही, कारण लेक शिकला होता.

"मावशी, स्वप्नाचा अर्थ लावणाऱ्याला ग्रीक लोकांनी फार सुंदर शब्द केला. ओनेइरोक्रितेस. ओनेइरोस म्हणजे स्वप्न आणि क्रितेस म्हणजे न्याय करणारा."

"म्हंजे जज?"

"अगदी तसंच!"

"मग द्या की निकाल. सोयरीक नको, इतकंच मालकाला सांगा."

"मी कसं सांगू? मी शब्दाचा अभ्यास करतो."

बाहेर माणिकरावांनी मोटारसायकलचा हॉर्न वाजवला. कुरुंद्याहून मुलाकडचे पाहुणे दुपारी सुपारी फोडायला यायचे होते.

सखुबाई पुढे सरकली. आवाज खाली आला. "सपान-बिपान काही पडलं न्हाई मला, गुरुजी. भर बाजारात त्या पोरानं सोताच्या मायवर हात उचलला, म्या डोळ्यानं पाह्यलं. मालक म्हणतेत, तापट हाय, कर्ता गडी असाच असतो. माझं 'न्हाई' घरात कोणी ऐकत न्हाई. सपनाचं ऐकतेत."

अनिरुद्धचा चेहरा पडला. "पण न पडलेल्या स्वप्नाचा अर्थ सांगायचा, म्हणजे खोटंच की, मावशी."

हॉर्न पुन्हा वाजला, या खेपेला लांबलचक.

सखुबाई उठली. पदर खोचला.

"राहू द्या. त्या ग्रीकांच्या बायकांना घरात न्हाई म्हणता येत व्हतं, का त्यांनाबी सपनंच पाडून घ्यावी लागायची, तेवढं पुस्तकात पाहून ठेवा."

ती ओसरी उतरून गेली. अनिरुद्धने चष्मा पुसला, जाडजूड पुस्तक जवळ ओढलं, आणि खरंच शोधायला लागला.